चार प्रतींपर्यंत यादी बरोबर, पाचवी आली की विस्कटते: स्कालात जावाची कलेक्शन्स वापरताना

मे महिन्यातली गोष्ट. दुपारी अडीचला पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या पेढीवरून दिवाणजींचा फोन आला. “साहेब, तुमची यादी येडी झाली का काय? सुपरच्या वर गोल्टी छापून आलीय. गाडी भरून उभी आहे, ड्रायव्हर निघायचं म्हणतोय.”

यादी म्हणजे खळ्यावरून गाडी निघताना सोबत द्यायची प्रतवारीची यादी. कुठल्या प्रतीच्या किती गोण्या, किती वजन. क्रम ठरलेला, मोठ्यापासून लहानाकडे: सुपर, मध्यम, गोल्टा, गोल्टी. पलीकडच्या टोकाला माल उतरवून घेणारा त्याच क्रमाने गोण्या मोजतो, त्यामुळे कागदावर ओळी वरखाली झाल्या की तिकडून बोंब येते. तीन वर्षं ही यादी बिनतक्रार छापली जात होती. त्या दिवशी सकाळी पेढीने जोड कांद्याची वेगळी प्रत सुरू केली, एवढाच काय तो बदल. कोडला कुणी हातही लावला नव्हता.

आम्ही नाशिकला इंदिरानगरात बसतो, पाच जण. आमचं हिशोबाचं जुनं इंजिन जावा या प्रोग्रामिंग भाषेत आहे आणि नवं सगळं काम स्काला या दुसऱ्या भाषेत चालतं. दोन्ही एकाच जेव्हीएमवर (जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेवर) पळतात, एकमेकांचे क्लास सरळ वापरतात, त्यामुळे वरवर सगळं गुण्यागोविंदाने चालल्यासारखं दिसतं. पण दोघांची कलेक्शन्स, म्हणजे नोंदी एकत्र ठेवायचे साचे (ओळीने नोंदी धरणारी लिस्ट, किल्लीपुढे नोंद ठेवणारा मॅप वगैरे), वेगवेगळी. जावाची १९९८ पासूनची, जेडीके १.२ या जावाच्या आवृत्तीबरोबर आलेली. स्कालाने स्वतःची वेगळी उभी केली. या दोन घरांच्या उंबऱ्यावर आम्ही गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ठेचकाळलो आहोत की आता एकदा लिहूनच ठेवतो. कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती मूळ लिपीत, लहान-मोठी अक्षरं जपून.

आधी त्या यादीचं. कारण सापडायला पाऊण तास गेला आणि सापडलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. जावाचं इंजिन प्रती ‘लिंक्डहॅशमॅप’मध्ये भरून देतं, म्हणजे ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने बाहेर येतात. आमच्या स्काला कोडमध्ये त्यावर ‘.ॲजस्काला.टूमॅप’ एवढंच लिहिलेलं होतं. ‘ॲजस्काला’ जावाचं कलेक्शन स्कालाचं म्हणून दाखवतो, तो क्रम बिघडवत नाही. बिघडवतो तो त्यातून स्कालाचा न बदलणारा मॅप बनवणारा ‘टूमॅप’. स्कालाचा न बदलणारा मॅप चार नोंदींपर्यंत छोट्या खास क्लासमध्ये राहतो. त्यांची नावंच मॅप१, मॅप२, मॅप३, मॅप४ अशी आहेत आणि नोंदी आल्या तशाच ते धरून ठेवतात. पाचवी नोंद आली की तोच मॅप गुपचूप हॅशमॅप होतो. हॅशमॅपला क्रमाशी काही देणंघेणं नाही.

आणि आमच्या टेस्टमध्ये प्रती किती होत्या? चार. टेस्ट हिरवी, डेमो हिरवा, तीन हंगाम हिरवे.

इलाज तसा एका ओळीचा. स्काला २.१३ किंवा पुढचं असेल तर ‘.ॲजस्काला.टू(व्हेक्टरमॅप)’ लिहा. हा व्हेक्टरमॅप २.१३ मध्येच आला, तो क्रमही राखतो आणि शोधायलाही हळू नाही. २.१२ वर असाल तर ‘लिस्टमॅप’ आहे. त्याला जोड्या सुट्या करून द्याव्या लागतात आणि नोंदी वाढल्या की किल्ली शोधायला तो एकेक नोंद चाळत बसतो. पाच-पंचवीस नोंदींना काही फरक पडत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर छापायच्या यादीला मॅप लागतोच कशाला? ‘.ॲजस्काला.टूलिस्ट’ केलं की प्रत आणि वजन अशा जोड्यांची लिस्ट मिळते, क्रमासकट. आम्ही मात्र व्हेक्टरमॅप घेतला, कारण तीच यादी पुढे दर लावायलाही जाते.

आता अगदी पहिल्या दिवशी अडवणारी एरर. ती सोपी आहे म्हणून भराभर सांगतो. ‘व्हॅल्यू मॅप इज नॉट अ मेंबर ऑफ जावा.युटिल.लिस्ट’ असं कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा) म्हणतो (हा ‘मॅप’ म्हणजे प्रत्येक नोंदीवर काम करणारी मेथड, वरचा मॅप नव्हे), किंवा फॉर लूप लावला तर हीच तक्रार ‘फॉरईच’च्या नावाने करतो. अर्थ एवढाच की हातात जावाची लिस्ट आहे आणि तुम्ही तिच्याकडे स्कालाची मेथड मागताय. जावाच्या लिस्टवरही फॉरईच आहे, पण त्यातला ई मोठा, म्हणून वाचताना फसगत होते. ‘स्काला.जेडीके.कलेक्शनकन्व्हर्टर्स’मधलं सगळं इम्पोर्ट करा आणि लिस्टपुढे ‘.ॲजस्काला’ लावा. उलट दिशेला ‘.ॲजजावा’. इम्पोर्ट विसरलात तर हीच एरर आता ‘ॲजस्काला’च्या नावाने येते. तिला घाबरायचं कारण नाही.

इम्पोर्टचा पत्ता मात्र बदलत आला आहे आणि नेटवरची निम्मी उत्तरं जुन्या पत्त्याची आहेत. २०१० च्या सुमारास, २.८ च्या काळात, ‘जावाकन्व्हर्जन्स’ होतं. ते आपोआप, न सांगता रूपांतर करायचं. कुठे जावा संपला आणि कुठे स्काला सुरू झाला तेच कळायचं नाही, म्हणून २.१२ मध्ये ते मोडीत काढायची सूचना लागली आणि २०१९ च्या २.१३ मधून ते काढूनच टाकलं. त्याच्याच जोडीचं ‘जावाकन्व्हर्टर्स’, ज्यात ‘ॲजस्काला’ आपण स्वतः लिहायचं, ते २.१३ वर अजून चालतं, पण इशारा देतं. आज योग्य पत्ता ‘जेडीके’वालाच, आणि स्काला ३ मध्येही तोच. २.१२ आणि २.१३ दोन्हींवर एकच कोड बांधायचा असेल तर ‘स्काला-कलेक्शन-कॉम्पॅट’ ही लायब्ररी जोडा. ती नवा पत्ता जुन्या आवृत्तीलाही देते.

या एरर आणि इम्पोर्टचं कंपायलर सांभाळतो. ज्याने रात्री जागवल्या ते यापुढे.

‘ॲजस्काला’ कॉपी करत नाही. गोणी तीच, वरची चिठ्ठी फक्त नवी. आतला कांदा जावाचाच. हे वाक्य मी आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगतो, तो मान डोलावतो आणि दोन महिन्यांनी तिथेच पडतो. त्याचा दोष नाही. टाइपकडे बघितलं तर ‘म्युटेबल.बफर’ (बदलता येणारी यादी) दिसतो, अस्सल स्कालाचा. पण तो नुसता वेष्टण आहे. जावाच्या बाजूने कुणी लिस्टमध्ये भर टाकली, रिकामी केली, तर तुमच्या बफरमध्ये तेच दिसणार.

आमच्या इंजिनात काट्याच्या नोंदी वाचणारा एक भाग आहे. तो एक गाडी वाचतो, लिस्ट हातात देतो, आणि पुढची गाडी वाचायच्या आधी तीच लिस्ट ‘क्लिअर’ करून पुन्हा भरतो. जुन्या काळी मेमरी वाचवायला कुणीतरी केलेली काटकसर. आमच्या सिन्नरच्या पोराने प्रत्येक गाडीची लिस्ट ‘ॲजस्काला’ करून एका मॅपमध्ये ठेवली. रात्रीच्या अहवालात अठ्ठावीस ट्रॅक्टर आणि अठ्ठावीसही ट्रॅक्टरांचं वजन शेवटच्या ट्रॅक्टरचं, किलोला किलो. तो म्हणाला, “दादा, पण मी पुढे टूसीक केलं होतं ना, कॉपी व्हायला पाहिजे होती.”

केलं होतं खरं. पण आम्ही तेव्हा २.१२ वर होतो. २.१२ मध्ये साध्या ‘सीक’चा (ओळीने लावलेल्या नोंदींचा) अर्थ बदलणारा किंवा न बदलणारा, कुठलाही चालेल असा होता. बफर हा आधीच सीक, मग ‘टूसीक’ने काय करायचं? त्याने तोच बफर परत दिला. २.१३ मध्ये ‘सीक’ म्हणजे न बदलणाराच असं ठरलं, त्यामुळे तिथे ‘टूसीक’ खरी कॉपी करतो. तीच ओळ, अक्षरही न बदलता, एका आवृत्तीत चूक आणि पुढच्या आवृत्तीत बरोबर. आम्ही पुढे २.१३ वर गेलो तेव्हा असे दोन बग न शोधता आपोआप गेले. त्याचं समाधान वाटावं की भीती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ‘टूलिस्ट’ किंवा ‘टूव्हेक्टर’ लिहा, दोन्ही आवृत्त्यांवर कॉपीच होते.

यातलाच एक भाऊबंद म्हणजे ‘कन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन’. तुम्ही वेष्टणावर फिरताय आणि जावाचा दुसरा थ्रेड (त्याच वेळी चालणारं दुसरं काम) त्याच अरेलिस्टमध्ये (जावाच्या नेहमीच्या बदलत्या लिस्टमध्ये) भर घालतोय. एरर स्कालाच्या ओळीवर दिसते म्हणून लोक स्कालात शोधत बसतात. दोष आतल्या अरेलिस्टच्या वापराचा आहे. ‘टूलिस्ट’ केलंत तरी कॉपी होत असतानाच दुसऱ्याने हात घातला तर तीच एरर येणार, म्हणून इथे कुलूप लावायचं किंवा थ्रेडना सोसेल असं कलेक्शन घ्यायचं ते जावाच्या बाजूलाच.

आणि चिठ्ठी खोटंही बोलते. जावाच्या ‘लिस्ट.ऑफ’ने केलेली लिस्ट बदलता येत नाही. तिला ‘ॲजस्काला’ लावलं की टाइप म्हणतो ‘म्युटेबल.बफर’, म्हणजे खुशाल भर घाला. घालायला गेलात की ‘अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन’. ‘अरेज.ॲजलिस्ट’चं निराळंच, तिथे असलेली नोंद बदलता येते पण नवी घालता येत नाही. कंपायलरला यातलं काही दिसत नाही.

हीच एरर उलट दिशेने जास्त वेळा येते. स्कालाची लिस्ट ‘ॲजजावा’ करून जावाच्या जुन्या मेथडला दिली आणि त्या मेथडने तिच्यात ‘ॲड’ केलं. आमच्या इंजिनात पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशोबाचा कागद) करणारी मेथड मिळालेल्या लिस्टच्या शेवटी हमाली आणि तोलाईच्या ओळी स्वतःच जोडते. स्कालाची लिस्ट न बदलणारी, तिचं जावारूप फक्त वाचायचं. फाटलं. ‘कलेक्शन्स.सॉर्ट’नेही तसंच फाटतं, कारण ती नवी लिस्ट देत नाही, दिलेल्या लिस्टमध्येच अदलाबदल करते. समोरचा कोड काय करेल याची खात्री नसेल तर त्याला स्वतंत्र अरेलिस्ट करून द्या: ‘न्यू जावा.युटिल.अरेलिस्ट’ आणि कंसात ‘ओळी.ॲजजावा’. एक कॉपी जास्त होते. पट्टीत ओळी किती, सात-आठ. त्यात काय वाचवायचं?

स्कालाचा बदलता बफर ‘ॲजजावा’ करून दिला तर मात्र ‘ॲड’ चालतं, आणि जोडलेल्या ओळी तुमच्या बफरमध्येही येऊन बसतात. एकदा आमची हमाली अशीच दोनदा लागली. पहिल्यांदा पट्टी दाखवताना आणि दुसऱ्यांदा छापताना. शेतकऱ्याने हिशोब तोंडी केला आणि काउंटरवर लगेच सांगितलं, हमाली दोनदा धरलीय म्हणून. आमच्या आधी त्याच्या लक्षात आलं.

आता वजनांचं. या प्रकाराची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे, कारण यात एरर येतच नाही.

जावाच्या मॅपमध्ये टोकन नंबरापुढे किलोतलं वजन, ‘इंटिजर’. स्कालाला तो ‘जावा.लँग.इंटिजर’ दिसतो, ‘इंट’ नाही. हे दोन वेगळे टाइप आहेत. ‘ॲजस्काला’ बाहेरचं वेष्टण बदलतं, आतले दाणे बदलत नाही. त्यामुळे ‘इंट’ मागणाऱ्या मेथडला हा मॅप दिला की टाइप जुळत नाही म्हणून कंपायलर अडवतो. अशा वेळी घाईतला माणूस काय करतो? ‘ॲजइन्स्टन्सऑफ’ लावून पूर्ण मॅपच ‘इंट’चा आहे असं कंपायलरला ठोकून सांगतो. कंपायलर ते मुकाट मान्य करतो, आणि रनटाइमला (कोड चालताना) टाइपची माहिती पुसलेली असल्याने तिथेही कुणी अडवत नाही.

मग त्या जावाच्या मॅपवर ‘गेट’ केलं आणि ते टोकन मॅपमध्ये नसलं तर जावा नल (म्हणजे ‘काहीच नाही’) देतो. स्काला तो नल ‘इंट’मध्ये उतरवतो. नल ‘इंट’ झाला की होतो शून्य. एक्सेप्शन नाही, लॉग नाही, काही नाही. काट्यावरून नोंद यायची राहिलेली गाडी आमच्याकडे शून्य किलोची गाडी झाली. बेरीज लागली, अहवाल गेला. दुसऱ्या दिवशी एकूण क्विंटल काट्याच्या वहीशी जुळेनात, तेव्हा तो प्रकार उघडकीला आला.

‘ॲजस्काला’ केलेल्या मॅपवर ‘गेट’ केलं तर किल्ली नसताना ‘नन’ (सापडलं नाही) मिळतो, ते बरोबर. पण किल्ली आहे आणि तिच्यापुढे जावाने नल ठेवलाय, असं असेल तर मिळतो ‘सम’ (सापडलं) आणि त्याच्या पोटात नल. स्कालाचा माणूस ‘सम’ दिसला की निर्धास्त होतो. इथे व्हायचं नाही.

म्हणून टाइप ठोकायचा नाही, दाणा दाण्याने बदलायचा. आम्ही असं करतो: मॅप ‘ॲजस्काला’ केला की ‘कलेक्ट’ने नल नसलेल्या जोड्याच उचलतो, प्रत्येकीवर ‘.इंटव्हॅल्यू’ लावतो, आणि राहिलेली टोकनं वेगळ्या लिस्टमध्ये घेऊन अहवालाच्या माथ्यावर ‘वजन बाकी’ म्हणून छापतो. नल असताना ‘.इंटव्हॅल्यू’ सरळ नलपॉइंटरची एरर मारते. ते मला शून्यापेक्षा शंभरदा चालेल.

आख्खी लिस्टच नल आली तर? जावाच्या जुन्या मेथड काही नसलं की रिकाम्या लिस्टऐवजी नल परत देतात. २.१३ मध्ये नलवर ‘ॲजस्काला’ फाटत नाही, तो नलच परत देतो. फाटतं पुढच्या ‘मॅप’ला, तेही कधी दुसऱ्याच फाइलमध्ये. मेथडच्या उत्तराला आल्या आल्या ‘ऑप्शन’ने गुंडाळा, आत ‘ॲजस्काला.टूलिस्ट’ करा, नसेल तर रिकामी लिस्ट द्या.

एक लहानसं राहिलं. मॅपच्या आत लिस्ट असेल तर ‘ॲजस्काला’ बाहेरच्या मॅपलाच लागतो. आतल्या लिस्ट जावाच्याच राहतात आणि मग वर सांगितलेली पहिली एरर चार पातळ्या खाली जाऊन भेटते. आतही ‘मॅप’ करून प्रत्येकीला वेगळा ‘ॲजस्काला.टूलिस्ट’ लावा. जुन्या कोडमध्ये यासाठी ‘मॅपव्हॅल्यूज’ दिसेल. २.१२ मध्ये तो आळशी आहे, वाचाल तेव्हा दर वेळी नव्याने मोजतो, आणि मोजतो तेही जावाच्या त्या वेळच्या मजकुरावर. २.१३ मध्ये ‘.व्ह्यू.मॅपव्हॅल्यूज’ लिहून शेवटी ‘टूमॅप’ करतात. आणि ‘टूमॅप’ म्हटलं की पाच नोंदींचा विचार पुन्हा आलाच.

२.१२ वरून २.१३ वर जाताना बफर मिळाला पण सीक हवा होता, अशा एररची रांग लागते. आमच्याकडे एका दुपारी दोनशेच्या वर आल्या. सगळीकडे डोळे झाकून ‘टूसीक’ टाकण्याचा मोह होतो. बहुतेक ठिकाणी ते बरोबरच आहे. मोठ्या लिस्टवर लूपच्या आत ते बसलं असेल तर मात्र प्रत्येक फेरीला नवी कॉपी होणार, तेवढी ठिकाणं हाताने बघा. आम्हाला अशी तीन सापडली.

आता आमच्याकडे जावाच्या इंजिनाशी बोलणारी एकच फाइल आहे. ‘ॲजस्काला’ आणि ‘ॲजजावा’ हे शब्द त्या फाइलबाहेर दिसले तर बिल्ड थांबतो. साधा मजकूर शोधणारी चार ओळींची स्क्रिप्ट आहे, काही मोठं यंत्र नाही. त्या फाइलमधून आत येणारं सगळं न बदलणारं आणि कॉपी केलेलं, बाहेर जाणारं सगळं ताज्या अरेलिस्टमध्ये. फक्त एका जागी अपवाद ठेवलाय, वर्षभराच्या काट्याच्या नोंदी वाचताना. तिथे लाखभर नोंदींची कॉपी परवडत नाही म्हणून वेष्टणच वापरतो, पण ते त्या मेथडच्या बाहेर जाऊ देत नाही. प्रतवारीच्या टेस्टमध्ये आता पाच नाही, सात प्रती आहेत.

पिंपळगावच्या पेढीने परवा सहावी प्रत टाकली, चिंगळी. दिवाणजींचा फोन आला तेव्हा पोटात गोळाच आला. क्रम बरोबर होता. सहाव्या ओळीमुळे खालची सहीची जागा कागदाबाहेर गेली होती, एवढंच.